आजोबांचा दंड कोणी भरला?

प्रिय राजा,

रविवारी फोनवर काका म्हणाला, "तुझ्या बापाच्या कांद्यापायी मी नववी पायी शिकलो," आणि तू दिवसभर माझ्यामागे लागलास. शाळा का बुडवलीस? आजोबांनी बुडवायला लावली का? इथे इंग्लंडमध्ये आईबाबांना 80 पौंड दंड होतो, मग आजोबांना किती झाला?

आजोबा "शाळा बुडव" असं कधी म्हणाले नाहीत. आमच्याकडे असं तोंडाने म्हणत नसतात. रात्री भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "उद्या लाईट सकाळची हाये." बस. आजी ताटाकडे बघत राहायची आणि मला कळायचं.

2005 चा जानेवारी होता. निफाड तालुक्यात घरोघर उन्हाळ कांद्याची लागण चाललेली. भारनियमनामुळे मोटारीला वीज मोजके तास, तीही कधी दिवसा, कधी मध्यरात्री. आली की वाफे भरून घ्यायचे, कारण बायका रोप लावतात ते ओल्या वाफ्यात. रोप कसलं, हिरवा दोराच. उपटून नुसतं ठेवलं की मान टाकतं. गडी लावायला पैसे नव्हते, आदल्या वर्षीच्या कांद्याने रडवलेलं. मग फावडं माझ्या हातात. एक वाफा भरला की मातीने त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली, पण विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं. पाय पाण्यात असेपर्यंत मजा, बाहेर काढले की दात वाजायचे. बीजगणितापेक्षा मला हे आवडायचं. आजीला सांगू नकोस.

शाळेतून कसलं पत्र येणार? त्या दिवसांत अर्धा वर्ग मळ्यातच असायचा. गेलो की सर विचारायचे, "झाली का रे लागण?"

आता काका, म्हणजे माझा शाळेतला दोस्त. त्याच्याकडे सायकल नव्हती. शाळा चार किलोमीटर, आम्ही माझ्या सायकलवर डबलसीट जायचो. तो रोज कालव्याच्या चारीच्या पुलावर उभा असायचा. मी न आल्यावर तो वाट बघायचा, मग चालत निघायचा, उशिरा पोचायचा आणि पहिला तास वर्गाबाहेर उभा. असे नऊ दिवस. माझी सायकल तेव्हा विहिरीला टेकून उभी होती.

त्याच्या वस्तीवरच्या दोघी आमच्याकडेच लावणीला यायच्या. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याजवळ एक शब्द दिला असता तरी चाललं असतं. मला सुचलंच नाही. आपण घरचं काम करतोय म्हणजे आपलं सगळं माफ, असं वाटायचं मला.

मी शाळेत गेलो तर हा बोलेना. संक्रांतीला तिळगूळ दिला. त्याने घेतला, खाल्ला आणि चालत निघून गेला! मी सायकल घेऊन मागे मागे. म्हटलं, आठवडाभर तूच ठेव ही. तो म्हणाला, "सायकल नको रे. निरोप पाहिजे होता."

पुन्हा डबलसीट बसला तो थेट कांदे काढायला आल्यावर, एप्रिलात.

तर आजोबांना दंड शून्य. जो काही भरला तो काकाने.

आपण गावी जातो तेव्हा तोच गाडी घेऊन मुंबईला येतो ना? मी विमानात बसल्या बसल्या फोनवर काहीतरी लिहितो आणि आई ओरडते, बंद कर आता. तो मेसेज त्याला असतो. "बसलो रे."

तुझा,
बाबा