वकिली कामासाठी क्यूब्झ ओएस घ्यावी का?

आपण विचारले आहे की, नव्याने वकिली सुरू केली असून पक्षकार, त्यांचे नातेवाईक आणि कधी पूर्ण अनोळखी माणसेही व्हॉट्सअ‍ॅपवर व ईमेलवर कागदपत्रे पाठवतात, तर अशा परिस्थितीत संगणकाचे एकमेकांपासून अलग कप्पे पाडणारी क्यूब्झ ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरावी, काम संपताच सारे विसरणारी टेल्स वापरावी, की साधे लिनक्स आणि त्यावर काही मुक्तस्रोत साधने एवढे पुरेल. मी न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करते. अनोळखी माणसांनी पाठवलेल्या फायली उघडणे हाच माझ्या कामाचा मोठा भाग असल्यामुळे मी गेली काही वर्षे क्यूब्झ हीच मुख्य प्रणाली म्हणून वापरत आले आहे. माझे स्पष्ट मत असे की आपल्या कामाला क्यूब्झ योग्य आहे आणि टेल्स योग्य नाही. मात्र क्यूब्झ बसवण्याच्या आधी, आपल्या कामातील कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या संपर्कात कधीही येता कामा नये, हे आपण कागदावर लिहून काढले नाही, तर त्या प्रणालीचा निम्माही उपयोग होणार नाही.

नेहमीच्या संगणकावर, मग तो विंडोजचा असो वा लिनक्सचा, आपल्या नावाने चालणारा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम आपल्या सगळ्या फायली वाचू शकतो. पीडीएफ वाचकातील एका उणिवेचा फायदा घेऊन आत शिरलेला घातक कोड शेजारच्या फोल्डरमधील सर्व पक्षकारांचे कागद वाचू शकतो, ब्राउझरमधील लॉगिन उचलू शकतो आणि नको ते कागद तिथे ठेवूही शकतो. एल्गार परिषद प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी न्यायवैद्यक संस्थेने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात असा निष्कर्ष काढला होता की, एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये २०१६ साली ईमेलद्वारे नेटवायर नावाचे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) शिरले आणि त्याच्या आधारे नंतर त्यात कागदपत्रे घुसवली गेली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. परंतु एका ईमेलमधून आलेल्या फायलीमुळे संपूर्ण संगणक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या मुळीच दुर्मीळ नाही, आणि वकिलाच्या बाबतीत तिचे परिणाम फक्त वकिलालाच भोगावे लागत नाहीत. वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण आहे, पण कायद्याचे संरक्षण फायलीभोवती भिंत उभी करत नाही.

ती भिंत उभी करण्याचा प्रयत्न क्यूब्झने केला. योआना रुतकोव्स्का या पोलिश संशोधिकेने २००६ साली ‘ब्लू पिल’ हे प्रात्यक्षिक दाखवून, चालू ऑपरेटिंग सिस्टीमला तिच्या नकळत आभासी यंत्रात (म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) ढकलता येते हे सिद्ध केले होते. त्याच आभासीकरणाचा उपयोग संरक्षणासाठी करण्याची कल्पना घेऊन तिच्या वॉर्सामधील इन्व्हिजिबल थिंग्ज लॅबने २०१० मध्ये क्यूब्झ जाहीर केली आणि २०१२ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २०१८ पासून प्रकल्पाचे नेतृत्व मारेक मार्चिकोव्स्की-गुरेत्स्की यांच्याकडे आहे. या प्रणालीचे गृहीतक मला फार प्रामाणिक वाटते: कुठला ना कुठला प्रोग्राम कधी तरी फोडला जाणारच, म्हणून तो फुटल्यावर नुकसान किती दूर पसरेल, हे आधीच ठरवून ठेवायचे.

त्यासाठी झेन या हायपरव्हायझरवर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या पायाभूत सॉफ्टवेअरवर, अनेक स्वतंत्र आभासी यंत्रे चालतात. त्यांना क्यूब म्हणतात. पडदा, कळफलक आणि सर्व क्यूबचे व्यवस्थापन ज्या डॉम-झिरो नावाच्या मुख्य भागाकडे असते त्याला इंटरनेटच दिलेले नसते. वायफायचे कार्ड सिस-नेट नावाच्या वेगळ्या क्यूबच्या ताब्यात, यूएसबीची खोबण सिस-यूएसबीच्या ताब्यात, आणि इंटरनेटची ये-जा गाळणारा सिस-फायरवॉल या दोन्हींहून निराळा. म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील उणिवेमुळे सिस-नेट फोडला गेला, तरी हल्लेखोराला मिळते ते केवळ इंटरनेटचे जोडकाम, आपल्या फायली नव्हेत. प्रत्येक क्यूबच्या खिडकीला आपण नेमलेल्या रंगाची चौकट असते आणि ती चौकट डॉम-झिरो काढत असल्यामुळे कोणत्याही क्यूबला दुसऱ्याच्या रंगाची नक्कल करता येत नाही. पासवर्ड मागणारी खिडकी समोर आली की मजकूर वाचण्याआधी नजर चौकटीकडे जाते, ही सवय थोड्याच दिवसांत अंगवळणी पडते.

आता पक्षकाराने पाठवलेल्या एका पीडीएफचा प्रवास सांगते, कारण आपला प्रश्न मुख्यतः त्याबद्दलच आहे. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप वेबसाठी एक क्यूब आहे आणि त्यात दुसरे काहीही नाही. फाईल तिथे उतरते, पण तिथे उघडली जात नाही. फाईल व्यवस्थापकात तिच्यावर उजवी टिचकी मारून ‘कन्व्हर्ट टू ट्रस्टेड पीडीएफ’ हा पर्याय निवडला की प्रणाली एक तात्पुरता क्यूब उभा करते. तो तात्पुरता क्यूब फाईल उघडून प्रत्येक पानाचे रूपांतर साध्या रंगबिंदूंच्या चित्रात करतो, फक्त ते रंगबिंदू परत पाठवतो आणि काम संपताच पुसला जातो. परत आलेल्या रंगबिंदूंपासून नवी पीडीएफ तयार होते आणि तिच्या नावात ‘ट्रस्टेड’ हा शब्द जोडला जातो. मूळ फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते. मूळ फायलीत लपवलेली स्क्रिप्ट असो वा बिघडवलेला फॉन्ट, या चित्रांतून त्यातले काहीही पुढे येत नाही. तोटा इतकाच की नव्या फायलीतील मजकूर शोधता किंवा नकलता येत नाही.

वकिलाने इथे एक विशेष काळजी घ्यायला हवी, आणि सुरक्षेविषयी लिहिणारे सहसा तिचा उल्लेख करत नाहीत. अशी रूपांतरित प्रत वाचण्यासाठी उत्तम, पण पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या विहित नमुन्यात हॅश मूल्य (फायलीच्या बाइटांवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा) नोंदवावे लागते, आणि रूपांतरानंतर फाईल बदललेली असल्यामुळे ते मूल्यही बदलते. म्हणून मूळ फाईल न उघडता तिचे एसएचए-२५६ या पद्धतीचे हॅश मूल्य काढून घ्यावे, ते तारखेसह लिहून ठेवावे आणि मूळ फाईल इंटरनेट नसलेल्या क्यूबमध्ये हलवावी. हॅश काढताना फायलीतील मजकुराचा अर्थ लावला जात नाही, केवळ तिचे बाइट मोजणीत घेतले जातात, त्यामुळे संशयास्पद फाईल उघडण्याचा धोका त्यात येत नाही. पक्षकाराचा मूळ फोन जपून ठेवायला सांगण्याचे महत्त्व आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

कप्पे कसे पाडावेत याविषयी माझा आग्रह असा की, ते प्रोग्रामनुसार पाडू नयेत. एक क्यूब ब्राउझरसाठी आणि एक लेखनासाठी अशी विभागणी नवखे लोक करतात आणि मग सगळे पक्षकार पुन्हा एकाच लेखनाच्या क्यूबमध्ये गोळा होतात. विभागणी नुकसानाच्या अंगाने करावी. नाजूक प्रकरणाला स्वतःचा क्यूब, किरकोळ प्रकरणांना मिळून एक, बँक आणि कर यांना एक, वैयक्तिक ईमेलला एक, आणि ज्याला इंटरनेट कधीही मिळणार नाही असा एक, ज्याला प्रथेने ‘व्हॉल्ट’ म्हणतात. व्हॉल्टमध्ये किपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या साधनाची फाईल आणि जीपीजी या कूटबंधन व डिजिटल सहीच्या साधनाची खासगी किल्ली राहते. स्प्लिट-जीपीजी या सोयीमुळे ईमेलचा क्यूब सही करण्याची किंवा कूटबद्ध मजकूर उलगडण्याची विनंती व्हॉल्टकडे पाठवतो, आपण परवानगी दिली तर काम होते, पण किल्ली व्हॉल्टच्या बाहेर पडत नाही. एका क्यूबमधून दुसऱ्यात मजकूर न्यायचा तर कंट्रोल-सी नंतर कंट्रोल-शिफ्ट-सी, मग दुसऱ्या खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-व्ही आणि शेवटी कंट्रोल-व्ही, अशा चार पायऱ्या आहेत. ही दिरंगाई हेतुपुरस्सर ठेवलेली असून, मजकूर कुठून कुठे जातो आहे याचा विचार करायला तीच भाग पाडते.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या आधीच माहीत असाव्यात. अधिकृत किमान अपेक्षा ६ जीबी मेमरीची असली तरी १६ जीबीपेक्षा कमी मेमरीवर रोजचे काम करू नये, आणि प्रोसेसरमध्ये आयओएमएमयूची (उपकरणांना परक्या मेमरीपासून रोखणारी) सोय असलीच पाहिजे. लॅपटॉप घेण्यापूर्वी प्रकल्पाची सुसंगत यंत्रांची यादी अवश्य पाहावी. क्यूबना ग्राफिक्स कार्डाचा वेग मिळत नसल्यामुळे दूरदृश्य सुनावणीच्या वेळी पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी लवकर उतरते. देवनागरी फॉन्ट आणि मराठी टंकनाची सोय प्रत्येक क्यूबमध्ये वेगळी करायची नसते, ती ज्या फेडोरा वा डेबियन (लिनक्सचे दोन प्रकार) टेम्प्लेटवर, म्हणजे मूळ साच्यावर, तो क्यूब उभा आहे तिथे एकदाच बसवायची असते, कारण सामान्य क्यूबमध्ये घरच्या फोल्डरबाहेर केलेले बदल तो बंद केल्यावर टिकत नाहीत. हा नियम आरंभी गोंधळात टाकतो, परंतु प्रणालीच्या भागात घुसलेले मालवेअरही त्याच नियमाने नाहीसे होते. घरच्या फोल्डरमध्ये लपलेले मात्र राहते, हेही लक्षात असू द्यावे.

सर्वांत त्रासदायक आहे ते डिजिटल सहीचे यूएसबी टोकन. त्याची सॉफ्टवेअर बहुधा विंडोज गृहीत धरून लिहिलेली असतात. क्यूब्झमध्ये विंडोजचा क्यूब चालवता येतो, पण सिस-यूएसबीमधून एखादे उपकरण दुसऱ्या क्यूबला देण्याची यंत्रणा लिनक्सच्या क्यूबसाठी बनलेली आहे. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा ई-फायलिंग, सही आणि दूरदृश्य सुनावणी यांसाठी एक वेगळा साधा संगणक ठेवावा आणि त्यावर अनोळखी फाईल एकही उघडू नये, असे मी सुचवीन. तोही एक कप्पाच आहे.

क्यूब्झचे संरक्षण झेन आणि प्रोसेसर यांच्या भरवशावर उभे आहे, आणि दोन्हींत उणिवा सापडलेल्या आहेत. २०१५ मध्ये उघड झालेल्या एक्सएसए-१४८ या झेनमधील गंभीर दोषामुळे एका क्यूबमधून संपूर्ण यंत्रावर ताबा मिळवणे शक्य होते. अशा दोषांमुळेच २०१८ च्या ४.० आवृत्तीत क्यूब चालवण्याची मूळ पद्धतच बदलण्यात आली. त्याच वर्षी प्रोसेसरमधील गळतीचे दोष बाहेर आल्यावर हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर दोन कामे एकदम चालवण्याची सोय) बंद ठेवण्याचा निर्णयही प्रकल्पाने घेतला आणि वेगाची किंमत मोजली. मला या प्रकल्पाविषयी विश्वास वाटतो तो अशा निर्णयांमुळे, आणि प्रत्येक दोषाची सूचना सहीनिशी जाहीर करण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे. अद्ययावत करणे मात्र आपल्याच हाती आहे. आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: तात्पुरता क्यूब बंद होताच पुसला जात असला तरी डिस्कवर त्याच्या खुणा मुळीच राहत नाहीत, अशी हमी क्यूब्झ देत नाही. त्यासाठी ती बनवलेली नाही.

त्यासाठी टेल्स बनलेली आहे. ती यूएसबी स्टिकवरून चालते, इंटरनेटची सगळी वाहतूक टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून नेते आणि संगणक बंद होताच सारे विसरते. २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीची गुपिते उघड करणारे एडवर्ड स्नोडेन आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या पत्रकारांनी ती वापरली होती, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्प टॉर प्रोजेक्टमध्ये विलीन झाला. परक्या संगणकावर बसून मागमूस न ठेवता काम करायचे असेल, तर तिच्यासारखे साधन नाही. परंतु चालू सत्रात टेल्समध्ये क्यूब्झसारखे कप्पे नसतात, आणि आपल्याला तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रकरणांचे कागद सांभाळायचे आहेत. निनावीपणाची गरज कधी पडलीच, तर क्यूब्झसोबत येणारा हूनिक्स पुरतो: त्यात टॉरचे दार एका क्यूबमध्ये आणि ब्राउझर दुसऱ्यात असल्यामुळे ब्राउझर फोडला गेला तरी त्याला आपला खरा आयपी पत्ता ठाऊकच नसतो. व्हीपीएनला, म्हणजे आपली वाहतूक एखाद्या सेवादात्याच्या यंत्रातून वळवणाऱ्या सेवेला, मात्र निनावीपणा समजू नये. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी पाच वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे.

आपले यंत्र क्यूब्झला झेपणारे नसेल, तर आहे त्या प्रणालीवर डेंजरझोन बसवावे. फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन सांभाळत असलेले हे मुक्तस्रोत साधन क्यूब्झच्याच पीडीएफ युक्तीवरून सुचलेले असून विंडोज आणि मॅकवरही चालते, वर्डच्या फायलीही घेते. त्यासोबत किपासएक्ससी, संपूर्ण डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन), आणि पक्षकारांशी बोलण्यासाठी सिग्नल हे संदेश अ‍ॅप, इतके तरी असावे. आणि फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फायली आपोआप उतरण्याची सोय आजच बंद करावी, कारण लॅपटॉपवर कितीही कप्पे पाडले तरी पक्षकाराची फाईल सर्वांत आधी आपल्या फोनमध्येच येऊन पडते.