गाडीचा फॅन बेल्ट घरी बदलता येतो का? सकाळी स्टार्ट करताना चीं-चीं आवाज येतो.

येतो, पण आधी तो कोणता बेल्ट आहे ते पाहा. बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्ट घरी बदलता येतो. कव्हरच्या आतला, व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ जुळवणारा टायमिंग बेल्ट मात्र गॅरेजवाल्यावरच सोडा. तिथे एक दात चुकला तरी काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर वाचा. ६पीके१७५० म्हणजे आतल्या बाजूला सहा धारा (लांबीभर उंचवटे) आणि १७५० मिमी लांबी. तोच नंबर घ्या, "जवळपासचा चालेल" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. हल्लीच्या बेल्टला भेगा फारशा पडत नाहीत, आतल्या खाचा झिजून खोल होतात. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणारा बेल्टही संपलेला असू शकतो.

इंजिन थंड झालं की बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो विसरलात तर अर्धा दिवस गेलाच समजा! टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) स्प्रिंगचा असेल तर पाना लावून फिरवला की बेल्ट सैल पडतो. नसेल तर अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करा.

बेल्ट निघालाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, आणि मग नवा बेल्टही ओरडेल. पुलीवर तेल किंवा कूलंट दिसलं तर आधी ती गळती काढा.

बसवल्यावर प्रत्येक धार खाचेत बसलीय ना, बोटाने चाचपून मगच स्टार्टर मारा.