यंदा किल्ला केला नाही

"मॅडम, आठवीत गेला आणि पार बिघडला. वयच असं असतं ना हे?"

खुर्चीत धड टेकायच्या आधीच आईने विचारलं. हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की उत्तराची घाई मी सोडून दिली आहे.

अथर्व (नाव बदललंय) बहिणीवर खेकसायचा, दार आपटायचा. घटक चाचणीत गणितात वीसपैकी चार. सोमवारी सकाळी हटकून पोटात दुखायचं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तेव्हा बाबांनी 'नाटकं' म्हणून विषय मिटवला.

"उदास वाटतो का?"

"छे! रडत नाही हो, चिडतो नुसता."

इथेच बहुतेक घरं फसतात. मुलांचं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात बाहेर पडतं, नाहीतर पोटदुखी-डोकेदुखीच्या. आणि ती दुखणी खोटी नसतात, पोट खरंच दुखतं. वयातली चिडचिड येते-जाते. मित्र आले की पोरगं हसतं, भूक लागली की जेवतं. दोन आठवड्यांहून जास्त, जवळपास रोज तेच चाललं असेल आणि झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलंही काही बिघडलं असेल, तर वयावर ढकलून चालत नाही.

मी विचारलं, "आवडीचं काय बंद झालं?"

आई जरा थांबली. मग दिवाळीचा किल्ला निघाला. पहिलीपासून दरवर्षी करायचा. बुरुजांवर अळीव पेरायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. यंदा मातीचं पोतं जिन्याखाली तसंच पडून राहिलं. मावळ्यांचा डबा तर त्याने खालच्या मजल्यावरच्या छोट्याला देऊन टाकला. "म्हटलं, मोठा झाला!"

जिवापाड जपलेली वस्तू मूल अशी देऊन टाकतं, तेव्हा मला धास्ती वाटते. अथर्वशी एकट्याशी बोलले, तेव्हा सरळच विचारलं, जगू नये असं वाटतं का? असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो चपलेचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं."

"हे मी आई-बाबांना सांगणार आहे," मी त्याला आधीच सांगितलं. बाबांना त्याच दिवशी बोलावून घेतलं. घरातली औषधं, फिनेल कुलपात ठेवायला लावलं, त्याला एकटं सोडू नका म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासून घेतलं, कारण तिथला बिघाडही असाच दिसू शकतो. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फ्रिजवर चिकटवला.

तीन महिने झाले. दार अजून आपटतं, पण सोमवारचं पोट दुखणं थांबलंय. बाबा दर वेळी विचारतात, "मॅडम, मार्क कधी वाढतील?"

मी म्हणते, "आधी झोप किती तास लागते ते सांगा."