मांजर गेल्यावर आठवण कशी जपायची? वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर पत्रं आली, म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे.

आमचा बोका सतरा वर्षांचा आहे. मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. त्याच्या पंजाचा ठसा ठेवायचा आहे. तो असतानाच घ्यावा का? असा विचार करायलाही कसंतरी होतं.
(वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

जरूर घ्या, त्यात वावगं काही नाही. तो गाढ झोपलेला असताना घ्या आणि एका वेळी एक-दोन ठशांवर थांबा. आजारी जिवाला दमवू नका.

कागदावर हवा असेल तर बाळाच्या पावलांचे ठसे घ्यायची किट मिळते. त्यातली शाई कातडीला न लागणारी निवडा. साध्या स्टॅम्पपॅडची शाई बोका चाटून काढेल आणि ती पोटात जाईल; मूत्रपिंडं थकलेली असताना ते नकोच. कागद पुठ्ठ्यावर लावून पुठ्ठा पंजाकडे न्या. पंजा ओढलात तर नखं बाहेर येतात आणि ठसा फरफटतो. चार बोटं आणि मागची तीन पाळ्यांची गादी उमटली की ठसा पूर्ण झाला. पुढच्या पायाचं पाचवं बोट वर असतं, ते उमटत नाही.

आमची पसंती शाडूला. गणपतीच्या आधी ती ठाण्यात सहज मिळते, मांजराला त्रास होत नाही आणि पंजा ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ. माती पोळीच्या कणकेइतकी मऊ मळा, दोन सेंटिमीटर जाडीची थापी करा, वरून ओलं बोट फिरवून गुळगुळीत करा. पंजा चार-पाच मिलिमीटर रुतेल इतकाच दाबा आणि सरळ वर उचला. बोटांमधले केस लांब असतील तर ते आधी पाण्याने बाजूला बसवा, नाहीतर गादीऐवजी केसांचाच ठसा येतो.

ही थापी तशीच वाळवली तर बहुधा तडकते. वरचा थर आधी सुकून आकसतो आणि आतला ओलाच राहतो, हे त्याचं कारण. म्हणून थापी ओलसर असतानाच तिच्याभोवती पुठ्ठ्याचं कडं लावून आत पीओपी ओता. दहा सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर जाड चकतीला सव्वाशे ग्रॅम पीओपी आणि ८० मिली पाणी लागतं. पावडर पाण्यात भुरभुरवा, मिनिटभर भिजू द्या, मग सावकाश ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे होतात आणि नेमकी बोटांच्या जागी भोकं पडतात. पाऊण तासाने माती सोडवा, मऊ ब्रशने धुवा. पीओपी घट्ट होताना तापतं, म्हणून ते थेट पंजावर कधीही लावू नका. उरलेलं पीओपी बेसिनमध्ये ओतलंत तर पाइप तुंबेल. चकती पंख्याखाली आठवडाभर ठेवा. गालाला गार लागली तर आत अजून ओल आहे, रंग लावू नका.

जिवंतपणी जमलंच नाही तर गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ठसा घ्या, पुढे पाय ताठरतात. त्याच वेळी त्याला नेहमीच्या झोपण्यासारखं गोल निजवा आणि शेपटीखाली जुना टॉवेल घाला, कारण लघवी सुटते. डोळे बहुधा उघडेच राहतात, त्याने घाबरू नका.

मनी गेली तेव्हा तिचे केस आणि घुंगराचा पट्टा झिपच्या पिशवीत ठेवले होते. पावसाळ्यात उघडून पाहिलं तर काळे ठिपके आणि कुबट वास. काही वाचवता येईल का?
(वाचक, नेरूळ)

केस बहुधा वाचतील. पट्टा चामड्याचा असेल आणि बुरशी आतवर गेली असेल तर त्याचा मोह सोडावा लागेल. घुंगरू मात्र काढून घ्या. केसांमध्ये थोडी ओल आणि तेलकटपणा असतोच. बंद प्लास्टिकमध्ये ती ओल अडकते आणि खाडीकाठच्या दमट हवेत बुरशीला तेवढं पुरतं.

मास्क लावून पिशवी गॅलरीत उघडा. केस चहाच्या गाळणीत घेऊन कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचा थेंब टाकून बुडवा. चोळू नका, नाहीतर त्यांचा नमदा होतो. दोन पाण्यांतून काढा, टॉवेलमध्ये दाबा, कोऱ्या कागदावर पसरून पंख्याखाली दोन दिवस वाळवा.

दुसरा शत्रू कसर. लोकरीसारखेच हे केसही ती खाते. घरात दुसरं मांजर असेल तर डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्या मांजरांना विषारी आहेत. कोरडे केस घट्ट बंद पुडीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरेल. मग बटर पेपरच्या पुडीत केस आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. घुंगरू वेगळं ठेवा, खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं आणि डाग केसांना लागतो. गळलेल्या मिशा सापडल्या असतील तर होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली त्यांच्या मापाची असते.

दहनानंतर राख मिळाली आहे. बाल्कनीतल्या कुंडीत घालून वर झाड लावावं, की खाडीत सोडावी? घरात अजून एक मांजर आहे.
(वाचक, ऐरोली)

खाडीत नको. तुमच्याजवळच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ पासून संरक्षित आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. मडकं, कापड, हार यांतलं काहीच तिथे जाऊ नये.

कुंडी चालेल, पण सगळी राख एकदम घालू नका. चार किलोच्या मांजराची राख साधारण दीडशे मिली, म्हणजे लहान कपभर भरते. ती खारी आणि अल्कधर्मी असते. जास्त झाली की पानांच्या कडा करपतात आणि रोप मरतं. आपल्या मांजराच्या नावाचं रोप असं जळताना पाहणं फार जड जातं, म्हणून हात आखडता ठेवा. बारा इंची कुंडीला दोन मोठे चमचे पुरेत. ते पालापाचोळ्याच्या खतात आणि कोकोपीटमध्ये नीट कालवा, महिनाभर ओलं ठेवून क्षार खालच्या भोकातून वाहू द्या, मग रोप लावा. बाकीची राख कोरड्या डबीत राहू द्या.

झाड मोगऱ्याचं लावा. तो मांजरांना बाधत नाही, पाच-सहा तास ऊन मिळालं की फुलतो. लिली घरात आणूच नका. सांत्वनाला येणारे लोक पुष्पगुच्छ आणतात आणि त्यात लिली हमखास असते. तिचे पराग किंवा फुलदाणीतलं पाणीही दुसऱ्या मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. सायकस हे पामसारखं दिसणारं शोभेचं झाडही विषारी आहे.

सगळे फोटो व्हॉट्सॲपवर आहेत. मोठी फ्रेम करता येईल?
(वाचक, कळवा)

मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवला की तो आकसतो. ४ x ६ इंचांच्या छान प्रिंटला १२०० x १८०० पिक्सेल लागतात. फ्रेमवाल्याला माउंट लावायला सांगा, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. टेकली तर पावसाळ्यात चिकटते आणि सोडवताना चेहराच निघून येतो. मांजराच्या आवाजाचे व्हिडिओ दोन ठिकाणी साठवा.

दोघींपैकी एक गेली. उरलेली घरभर शोधते, जेवत नाही. गेलेलीचं अंथरूण धुवावं का?
(वाचक, कोपरखैरणे)

आधी जेवणाचं बघा. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे न्या, दुःख आहे म्हणून वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. ओलं खाणं थोडं कोमट करून द्या, वास सुटला की मांजर तोंड लावतं.

गेलेली म्हातारपणाने किंवा मूत्रपिंडाने गेली असेल तर अंथरूण आणखी काही दिवस न धुता राहू द्या. उरलेलीला त्या वासाजवळ बसू द्या. तुम्हाला हवा असेल तर एक टॉवेल तसाच जपून ठेवा. पण पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या संसर्गजन्य रोगाने गेली असेल तर वस्तू जपण्याचा विचार सोडा. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो. कापडं टाकून द्या. लादी आणि भांडी आधी साबणाने धुवा, कारण मळावर ब्लीच चालत नाही. मग लिटरभर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा आणि पाण्याने पुसा. फिनेल नको, ते मांजरांना विषारी आहे. नवं पिल्लू आणायचं असेल तर लसीकरण पूर्ण झाल्यावरच घरात घ्या.