पातळ कालवणाला ‘कोरड्यास’ का म्हणतात?

प्रश्न असा आलाय की सोलापूर-साताऱ्याकडं आमटीसारख्या पातळ पदार्थाला कोरड्यास म्हणतात, मग त्यात कोरडं काय आहे? मी पुण्यात मेसला जेवायचो तेव्हा एकदा सवयीनं ‘मावशी, थोडं कोरड्यास वाढा’ म्हणालो तर त्यांनी बटाट्याची सुकी भाजी वाढली आणि वर म्हणाल्या, पातळ संपलं नाहीये अजून, हवं तर घे की!

तर कोरडी ती भाकरी हो. शब्द मुळात ‘कोरड्या + स’ असा आहे असं मला वाटतं, म्हणजे कोरड्याला लावून खायला जे काही केलंय ते. रामास, घरास, गावास यातला जो स तोच हा. आता बोलण्यात या स ची जागा बहुतेक ठिकाणी ला नं घेतलीय, त्यामुळं कोरड्यास मधला स प्रत्यय आहे हे कुणाच्या कानाला जाणवतच नाही, आणि म्हणून गावाकडं सर्रास ‘आज कोरड्यासाला काय केलंय?’ असं विचारतात, म्हणजे एका प्रत्ययावर दुसरा प्रत्यय! मला हे चूक अजिबात वाटत नाही, उलट शब्द पार मुरलाय याचाच तो पुरावा.

गंमत बघा, आमटी हे नाव आंबटपणावरून, रस्सा रसावरून, म्हणजे त्या पदार्थात जे आहे त्यावरून. कालवण हे हातानं कालवायचं म्हणून (कोकणातल्या कालवांशी, म्हणजे खायच्या शिंपल्यांशी, घोळ नको, ती वेगळी). पण कोरड्यासाला स्वतःच्या गुणावरून नावच नाही, ते भाकरीच्या बाजूनं पडलेलं नाव. आणि ते बरोबरच आहे, कारण ज्वारीच्या मुलखात जेवण म्हणजे भाकरी, बाकी सगळं तिला ओलं करण्यापुरतं. मग ते हुलग्याचं असो, मुगाचं असो नाहीतर नुसतं शेंगदाण्याचं कूट लावलेलं पाणीदार असो.

सोलापूरची कडक भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना हे सांगायला नको. आजी ती जर्मलच्या (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या) ताटलीत चुरायची, मधे आळं करायची आणि त्यात गरम कोरड्यास ओतायची, आणि ते कडेनं फुटून वाहायला लागायच्या आत आम्ही बोटांनी बांध घालायचो. दोन मिनिटं तसंच ठेवायचं, मग भुरका.

आणि ठेचा, चटणी, फोडलेला कांदा हे कोरड्यास नाही बरं का, ते तोंडी लावणं. सुक्या भाजीचं म्हणाल तर काही घरांत तिलाही कोरड्यास म्हणतात, आमच्याकडं म्हटलं असतं तर आजोबांनी ताटातली भाकरी उचलून दाखवली असती, की ही कशात बुडवू?