वाचक विचारतात : सहा तोफांची 'दिल्ली'

प्रश्न : नमस्कार. आमचे आजोबा नेव्हल डॉकयार्डमध्ये फिटर होते, रोज लायन गेटमधून आत जायचे. आता आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि सामान बांधताना माळ्यावरच्या ट्रंकेत एका बोटीचा फोटो सापडला. आजोबा सांगायचे की ही आपली 'दिल्ली', हिनेच जर्मनांची युद्धनौका 'ग्राफ श्पे' बुडवली. चुलत भाऊ म्हणतो, त्या लढाईतली बोट 'अकिलिस', तिला आठ तोफा होत्या, फोटोत तर सहाच दिसतायत, म्हणजे आजोबा रंगवून सांगायचे. आईला हे ऐकून फार वाईट वाटलं. फोटोची कॉपी पाठवतोय, खरं काय ते सांगा. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आधी आईला सांगा की आजोबा खरंच बोलत होते, 'अकिलिस'चंच नाव पुढे 'दिल्ली' झालं. आणि तुमचा भाऊ ज्या सहा तोफांवरून वाद घालतोय ना, त्या सहा तोफांमुळेच मला खात्री पटली.

'अकिलिस' ही लिअँडर क्लासची लाइट क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, इंग्लंडमध्ये बर्कनहेडला कॅमल लेअर्डच्या यार्डात बांधलेली, १९३२ला पाण्यात उतरली आणि १९३३ला नौदलात आली. सहा इंची आठ तोफा, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती खोल्यांत, दोन टरेट पुढे, दोन मागे. पुढे ती न्यूझीलंडकडे होती आणि खलाशांत निम्म्याहून जास्त पोरं तिकडचीच. १३ डिसेंबर १९३९ला सकाळी सकाळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर, 'अकिलिस', 'एजॅक्स' आणि 'एक्झेटर' या तिघींची ग्राफ श्पेशी गाठ पडली. समोर अकरा इंची तोफा आणि यांच्यातल्या दोघींकडे सहा इंची, म्हणजे लांबून लढायचं तर हाल होणार, तरी या दोघी जवळ जात राहिल्या. एक गोळा अकिलिसजवळ पाण्यात फुटला आणि त्याचे तुकडे वर जिथून तोफांचा नेम ठरवतात त्या टॉवरमध्ये घुसले. चार जण गेले, खाली ब्रिजवर, जिथून बोट चालवतात तिथे, कॅप्टन पॅरींच्या पायाला लागलं, पण बोट लढाई सोडून गेली नाही.

एक दुरुस्ती मात्र करतो. ग्राफ श्पे मार खाऊन उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्याच कॅप्टनने, लँग्सडॉर्फने, ती बंदराबाहेर नेऊन उडवून दिली. म्हणजे 'बुडवली' म्हणण्यापेक्षा 'बुडवायला भाग पाडलं' म्हणा. डॉकयार्डात कँटीनमध्ये हे सगळं 'बुडवली' एवढ्यावरच सांगितलं जाणार, त्यात काही वावगं नाही.

आता फोटोकडे या. एकच रुंद धुरांडं आहे, ते लिअँडरचं. पुढे दोन टरेट, एक खाली आणि एक त्याच्या डोक्यावरून बघणारा. मागे मात्र अगदी टोकाला एकच, आणि त्याच्या वरच्या बाजूला जिथे दुसरा असायला हवा तिथे छोट्या विमानविरोधी तोफा दिसतायत. हा जो नसलेला टरेट आहे त्याला एक्स टरेट म्हणतात. ५ जानेवारी १९४३ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब बरोबर त्याच्यावर पडला, १३ खलाशी मेले. बोट रिपेअरला इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला नेली, तिथे तो टरेट काढून टाकला तो परत कधी बसवलाच नाही. त्या कामाच्या वेळी, जून १९४३ मध्ये, बोटीवर स्फोट होऊन डॉकयार्डचे १४ कामगार गेले, म्हणजे तुमच्या आजोबांसारखीच माणसं. लढाईच्या गोष्टीत त्यांचं नाव कुणी काढत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

तर १९४३च्या आधी आठ तोफा, नंतर सहा. भावाने नेटवर बघितलेला फोटो आधीचा, तुमच्याकडचा नंतरचा, आणि बोट तीच.

ती आपल्याकडे आली स्वातंत्र्यानंतर लगेच. ५ जुलै १९४८ला इंग्लंडमध्येच तिचं नाव 'दिल्ली' झालं आणि सप्टेंबरमध्ये ती मुंबईत आली, आपल्या नौदलाची पहिली क्रूझर. कॅप्टन ब्राउन ब्रिटिश होते पण त्यांच्या हाताखाली एक्झिक्युटिव्ह ऑफिसर होते कमांडर रामदास कटारी, जे १९५८ला पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. १९५०ला पंडित नेहरू याच बोटीने इंडोनेशियाला गेले. १९५३ला इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळच्या युद्धनौकांच्या संचलनाला ही तिकडे स्पिटहेडला हजर होती. डिसेंबर १९६१ला गोवा मुक्तीच्या वेळी दीवच्या किल्ल्यावर हिच्या तोफा चालल्या. आणि रिव्हर प्लेटच्या लढाईवर १९५६ला इंग्रजी सिनेमा आला त्यात अकिलिसचं काम या दिल्लीनेच केलं. सिनेमातही तो एक्स टरेट दिसत नाही, भावाला तो एकदा नीट बघायला सांगा.

शेवटची काही वर्षं ती कॅडेट्सच्या ट्रेनिंगला होती. मी शाळेत असताना वडिलांनी गेटवेवरून बोट दाखवून 'ती बघ दिल्ली' म्हटलं होतं, करडा रंग आणि ते धुरांडं एवढंच लक्षात राहिलंय. ३० जून १९७८ला ती मुंबईतच निवृत्त झाली आणि मग तोडली.

प्रश्न : माझगाव डॉकमध्ये बांधलेली दिल्ली ती हीच का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : नाही, नाव तेच पण ती वेगळी. ती मिसाइल डिस्ट्रॉयर, १९९७ला नौदलात आली आणि आपल्या इथेच बांधलेली.

प्रश्न : जुन्या दिल्लीचं काही शिल्लक आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आहे. तोडताना तिचा एक टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला डेव्हनपोर्ट नेव्हल बेसच्या दाराशी ठेवलाय. दुसरा डेहराडूनला मिलिटरी अकॅडमीत आहे, तिकडे कुणी ओळखीचं असेल तर बघून यायला सांगा. आणि लालबागच्या वाचकांना एक विनंती, फोटो फ्रेममधून काढा आणि मागची बाजू बघा, तेव्हाचे फोटोवाले मागे शिक्का मारायचे, कधी तारीखही असते. चाळ खाली करायच्या गडबडीत तो ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.