रविवारच्या कप्प्यातल्या दोन गोळ्या

काकूंनी गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, "हाडांचं औषध चालू आहे ना माझं? मग ही कॅल्शिअमची गोळी बंद करू का? बहीण म्हणते, त्यानं मुतखडा होतो."

औषधं कशी घ्यायची ते समजावून सांगणं माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकूंचं वय ६७. घसरून मनगट मोडलं, तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची अलेन्ड्रोनेटची गोळी सुरू झाली.

मी लगेच उत्तर दिलं नाही. "रविवारी सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा," म्हटलं. चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यापेक्षा गोळी पोटात कशी जाते हे कळलं, की माझं निम्मं काम होतं.

"सहाला उठते. कप्पा उघडते आणि सगळ्या गोळ्या कॉफीबरोबर एकदमच घेऊन टाकते. मागाहून विसरायला होतं."

डबी उघडून पाहिली. रविवारच्या कप्प्यात अलेन्ड्रोनेटची छोटी गोळी आणि तिला टेकून कॅल्शिअमची लांबट, जाडजूड गोळी. सुनेनं निगुतीनं भरलेली डबी. आठ महिने हे असंच चाललं होतं.

अलेन्ड्रोनेट रिकाम्या पोटी घेतलं तरी त्याचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात जात नाही. नुसत्या कॉफीनं तेही साधारण ६० टक्क्यांनी घटतं. आणि आतड्यात कॅल्शिअम भेटलं, की ते औषधाला धरून ठेवतं. मग शोषायला जवळजवळ काही उरतच नाही.

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे आठ महिने फुकट गेले?"

खोटा धीर देणं मला जमत नाही. म्हटलं, "त्या गोळ्यांचा फारसा उपयोग झाला नसावा. पण चूक तुमची नाही. हे समजावून सांगणं आमचं काम होतं. आता डॉक्टरांना हे सांगायचंच, नाहीतर पुढच्या तपासणीत हाडांची घनता वाढलेली दिसली नाही, तर औषधच लागू पडत नाही असं वाटेल."

मग त्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळलो. हे औषध हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. पण नवं हाड घडायला लागणारा माल त्यातून मिळत नाही, तो खाण्यातून किंवा गोळीतूनच यावा लागतो. ड जीवनसत्त्व कमी पडलं तर खाल्लेलं कॅल्शिअमही नीट शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांतूनच काढून घेतं. या औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्येही बहुतेक बायकांना कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व दिलेलं होतं. औषधाचा जो फायदा आम्ही सांगतो, तो या जोडीनं मिळालेला आहे.

बहिणीची भीती मात्र अगदीच निराधार नाही. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. पण अन्नातल्या कॅल्शिअमचं उलटं आहे. ते खडा करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं. म्हणून मी आधी ताटातलं मोजतो आणि कमी पडेल तेवढंच गोळीतून द्यावं असं सुचवतो. पन्नाशीनंतर बायकांना अन्न धरून दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. काकूंचं दूध-दही आणि बाकीचं खाणं धरून हिशोब ७०० पर्यंत गेला. पाचशेची तूट, म्हणजे एक गोळी. पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट लिहिलेलं पाहून त्या दचकल्या होत्या. पण त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० मिलिग्रॅमच असतं.

मुतखडा आधी होऊन गेलेला असेल किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, तर हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा. काकूंना दोन्ही नव्हतं.

कॅल्शिअमच्या गोळ्या आम्ही तिथेच डबीतून काढून वेगळ्या बाटलीत भरल्या. बाटलीची जागा जेवणाच्या टेबलावर, कारण कार्बोनेट जेवणाबरोबर घेतलेलं बरं. त्यांनी रात्रीचं जेवण निवडलं. रविवारी उठल्याबरोबर अलेन्ड्रोनेट, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढे निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. बाकीच्या गोळ्या आणि कॉफी त्यानंतर.

तीन आठवड्यांनी काकू आल्या, त्या बहिणीला घेऊन. बहीण दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं, म्हणजे हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेते. मुतखड्याच्या भीतीनं तिनं कॅल्शिअम कधीच सोडलं होतं. इंजेक्शन होऊन दहा दिवस झाले होते आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. "थकवा असेल," ती म्हणाली.

मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावला. या इंजेक्शननं रक्तातलं कॅल्शिअम एकदम खाली जाऊ शकतं, ड जीवनसत्त्व कमी असेल किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर फारच. त्याच दुपारी रक्त तपासलं. कॅल्शिअम कमी होतं, ड जीवनसत्त्व त्याहून वाईट. वेळेत उपचार झाले, मुंग्या थांबल्या.

तिला इंजेक्शनचीच धास्ती बसली होती. पण ते मध्येच सोडलं तर हाडांची झीज उसळून येते आणि मणके मोडू शकतात, म्हणून पुढची तारीख चुकवायची नाही. त्याआधी रक्तातलं कॅल्शिअम, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं. काकूंनी ती तारीख स्वतःच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.